शंभरपट मजबुतीचा हिशेब

‘कार्बनची नॅनोनलिका पोलादापेक्षा शंभरपट मजबूत आणि सहापट हलकी असते.’ हे वाक्य गेल्या पंचवीस वर्षांत मराठीतल्या किती विज्ञानलेखांत येऊन गेले असेल, याची मोजदाद करणे कठीण आहे. नववीच्या विज्ञानात कार्बनची अपरूपे शिकवताना हिरा, ग्रॅफाइट, फुलरीन इथपर्यंत पोचलेला शिक्षक उत्साहाने एक पाऊल पुढे जातो आणि हेच वाक्य फळ्यावर लिहितो. बारावीच्या रसायनशास्त्रात तर हरित रसायन आणि नॅनोरसायन यांवर एक प्रकरणच आहे. वाक्य खोटे आहे का? अगदी खोटे म्हणता येत नाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरे एक वाक्य हमखास येते : ‘म्हणून ही नलिका प्लास्टिकमध्ये मिसळली की प्लास्टिक पोलादासारखे बळकट होते.’ यातल्या ‘म्हणून’ या शब्दाला माझी हरकत आहे.

वसई-विरारच्या शिक्षकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या भागांत प्लास्टिक ओतकामाचे लहान लहान गाळे दाटीने आहेत. आपल्या वर्गातल्या कित्येक मुलांचे आईवडील तिथे पाळीवर जातात. प्लास्टिकचा दाणा हॉपरमध्ये पडतो, तापतो, वितळतो, साच्यात दाबला जातो आणि वस्तू होऊन बाहेर येते, हे त्या मुलांनी पाहिलेले असते. तिथे ‘ग्लास फिल्ड’ नायलॉनही चालते. नायलॉनमध्ये वजनाने ३० टक्के काचेचे आखूड तंतू घातले, तर कोरड्या अवस्थेत त्याचा ताठपणा साधारण तिप्पट होतो. ही काच यंत्राचा स्क्रू झिजवते हे फोरमनला पाठ असते. तो त्या झिजेचा खर्च मालाच्या किमतीत धरतो. म्हणजे तंतू घालून प्लास्टिक बळकट करणे ही वसईत रोजची गोष्ट आहे, आणि बळकटीची किंमत मोजावी लागते हेही तिथे रोजचेच ज्ञान आहे. लोकप्रिय विज्ञानलेखनात नॅनोनलिका येते तेव्हा नेमका हा किमतीचा रकाना कोरा असतो.

दोन जिनसा एकत्र येऊन तिसरी, दोघींहून कामाची वस्तू होते, तिला संमिश्र म्हणतात. पालघर जिल्ह्यात वारली घराची कुडाची भिंत हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा. नुसती माती वाळली की तडकते, नुसती कारवी वारा अडवीत नाही. किनाऱ्यावरची फायबरची होडी हेही संमिश्रच. तिथे काठीच्या जागी काचेचे तंतू आणि मातीच्या जागी राळ असते. आता या दोन्हींत एक प्रश्न महत्त्वाचा. भिंतीवर भार आला, तर तो मातीकडून काठीकडे जातो कसा? माती काठीला धरून असते म्हणून. काठी गुळगुळीत असेल आणि माती तिला धरत नसेल, तर काठी कितीही मजबूत असो, ती मातीतून सरकून बाहेर येईल. काठीची ताकद काठीपाशीच राहील. संमिश्रांच्या साऱ्या शास्त्राचा गाभा या जोडाशी आहे.

आता त्या ‘शंभरपट’कडे वळू. हा आकडा आला कुठून? वॉशिंग्टन विद्यापीठात रॉडनी रुऑफ यांच्या गटाने २००० साली १९ बहुभित्ती नलिका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ताणून तोडल्या. बहुभित्ती नलिका म्हणजे एकात एक बसलेल्या नळ्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. त्यांच्या बाहेरच्या पापुद्र्याचे ताणबल ११ ते ६३ गिगापास्कल भरले. साध्या बांधकामाच्या पोलादाचे ताणबल ०.४ गिगापास्कलच्या आसपास असते. ६३ ला ०.४ ने भागा, दीडशेच्या घरात उत्तर येते. ‘शंभरपट’ हा आकडा असा जमतो.

पण त्याच प्रयोगात एक गोष्ट दिसली होती, तिचा उल्लेख आपल्या लेखांत सहसा नसतो. नलिका तुटताना फक्त बाहेरचा पापुद्रा तुटे आणि आतल्या नळ्या म्यानातून तलवार निघावी तशा सरकून बाहेर येत. म्हणून संशोधकांनी बल भागले ते बाहेरच्या एका पापुद्र्याच्या क्षेत्रफळाने. या पापुद्र्याची जाडी ०.३४ नॅनोमीटर धरतात. मुलांना गणित घालण्याजोगे आहे. २० नॅनोमीटर व्यासाची नलिका घ्या. बाहेरच्या पापुद्र्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस नॅनोमीटर, आणि पूर्ण वर्तुळाचे ३१४. म्हणजे पंधरावा हिस्सा. बळाला सगळ्या छेदाने भागले, तर ११ चे पाऊण आणि ६३ चे सव्वाचार गिगापास्कल उरतात. हेही थोडे नाही. पण पियानोच्या पोलादी तारेचे ताणबल दोन गिगापास्कलच्या वर जाते. शंभरपट कुठे राहिले? प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या नलिकेला तर याच हिशेबाने चालावे लागते, कारण प्लास्टिकचा हात फक्त बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत पोचतो. आतल्या नळ्या जागा अडवतात, वजन वाढवतात, भार मात्र फारसा उचलत नाहीत.

ताठपणाचा हिशेब याहून सोपा आहे. नलिकेचा यंग गुणांक १,००० गिगापास्कल धरू आणि पॉलिप्रॉपिलीनचा १.५. घनफळाने एक टक्का नलिका मिसळल्या, त्या सगळ्या एकाच दिशेने ओळीत लावता आल्या आणि जोड निर्दोष असला, तर संमिश्राचा गुणांक १० अधिक दीड, म्हणजे साडेअकरा व्हायला हवा. सातपटीहून अधिक! परंतु ओतकामात नलिका अस्ताव्यस्त पडतात. तिन्ही दिशांना विखुरलेल्या तंतूंसाठी पहिल्या पदाला पाचाने भागावे लागते. उत्तर साडेतीनवर उतरते. त्यात पुन्हा, प्रकल्प-अहवालांतला ‘एक टक्का’ बहुधा वजनाचा असतो. नलिका पॉलिप्रॉपिलीनच्या जवळजवळ दुप्पट जड, म्हणून वजनाचा एक टक्का म्हणजे घनफळाचा अर्धाच. उत्तर अडीचवर आले. जोड सदोष आणि नलिका वाकड्यातिकड्या असल्या, की तेही हाती लागत नाही. यंग गुणांकाची एवढी बेरीज-वजाबाकी अकरावीच्या मुलालाही जमते. ती न करता ‘पोलादासारखे प्लास्टिक’ लिहिणे हा आळस आहे, आणि तो आपल्या नियतकालिकांनी बराच काळ चालवून घेतला आहे.

जोड नीट नसेल तर काय होते, याचाही अंदाज बांधता येतो. काठी तुटेपर्यंत तिला मातीने धरून ठेवायचे, तर काठीची किमान काही लांबी मातीत गेलेली हवी. ही किमान लांबी काठीच्या ताणबलाच्या आणि जाडीच्या सम प्रमाणात, आणि जोडाच्या पकडीच्या व्यस्त प्रमाणात असते. सूत्रात खाली आणखी एक दोनाचा भागाकार येतो. नलिका १० नॅनोमीटर जाडीची, तिचे ताणबल सगळ्या छेदाच्या हिशेबाने १० गिगापास्कल आणि पकड ५० मेगापास्कल धरली, तर ही लांबी एक मायक्रोमीटर येते. पकड दहापटीने ढिली, म्हणजे ५ मेगापास्कल असली, तर दहा मायक्रोमीटर. बाजारात टनांनी विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध बेल्जियन नलिकेच्या माहितीपत्रकात सरासरी व्यास साडेनऊ नॅनोमीटर आणि सरासरी लांबी दीड मायक्रोमीटर दिलेली असते. पकड चांगली असेल तर ही लांबी जेमतेम पुरते. ढिली असेल तर लागते त्याच्या सहाव्या हिश्शाइतकीच भरते.

त्याच माहितीपत्रकात आणखी एक आकडा आहे : एका ग्रॅमचे पृष्ठफळ २५० ते ३०० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत दोन मैदाने. एवढे मोठे पृष्ठ एकमेकांना चिकटायला टपलेले असते. नलिका सुट्या राहतच नाहीत, त्यांचे लोकरीच्या गुंत्यासारखे गोळे होतात. गोळा प्लास्टिकमध्ये शिरला की तो बळकटी देण्याऐवजी दोषाचे ठिकाण बनतो. तडा तिथूनच सुरू होतो. आणि नलिका खरोखरच नीट विखुरल्या, तर वितळलेले प्लास्टिक इतके घट्ट होते की साच्याच्या कोपऱ्यांत जायला कुरकुरते. सातिवलीच्या फोरमनला या भुकटीचे कौतुक सांगायला गेलात, तर तो मजबुतीच्या आधी प्रवाहाबद्दल विचारील, आणि त्याचे बरोबर असेल.

‘सुधारित’ नलिका हा शब्द इथे प्रवेश करतो. प्रबंधांच्या आणि प्रकल्पांच्या शीर्षकांत तो ठरलेला असतो : ‘सुधारित कार्बन नॅनोनलिकांनी प्रबलित अमुक बहुवारिक संमिश्राची निर्मिती व गुणधर्म-निश्चिती.’ बहुवारिक, म्हणजे आपण ज्याला पॉलिमर म्हणतो तेच. विज्ञान शाखेचे पदव्युत्तर विद्यार्थी असले प्रकल्प करतात, उद्या तेच आपल्या शाळांत शिक्षक होऊन येतात. म्हणून या अहवालांचा घाट तपासणे मला गरजेचे वाटते.

सुधारणेची सगळ्यात रुळलेली रीत म्हणजे नलिका तीव्र आम्लांत उकळणे. तीन भाग सल्फ्युरिक आम्ल, एक भाग नायट्रिक आम्ल. त्याने नलिकेच्या भिंतीवर कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट बसतात, पुढे त्यांना अमाइन जोडून इपॉक्सी राळेशी थेट रासायनिक बंध करता येतो. पकड वाढते. पण कार्बॉक्सिल गट बसतो कुठे? षट्कोनांच्या अखंड जाळीत तो बसायचा, तर जाळीचा एखादा बंध तुटावा लागतो. जिथे बंध तुटला तिथे भिंत दुबळी झाली, वीजही अडखळू लागली. आम्ल जास्त वेळ लागले तर नलिकेचे तुकडेच पडतात. स्मॉली यांच्या गटाने १९९८ साली आम्लाच्या याच गुणाचा उपयोग लांब नलिका कापण्यासाठी केला होता. म्हणजे पकड दहापट वाढवून लागणारी लांबी एक मायक्रोमीटरवर आणली, आणि त्याच उकळण्यात नलिका दीड मायक्रोमीटरची अर्ध्या मायक्रोमीटरवर आली, तर हाती काय उरले? अहवालात सुधारणेच्या आधीची आणि नंतरची लांबी मोजून शेजारी शेजारी दिलेली असावी, एवढी साधी अपेक्षा बहुतेक वेळा पुरी होत नाही.

याहून मजेदार प्रकरण २००७ साली उघडकीला आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील मिलो शॅफर आणि सहकाऱ्यांनी आम्लात उकळलेल्या नलिका सौम्य अल्कलीने धुतल्या. धुण्याबरोबर तपकिरी गाळ निघून गेला आणि त्याच्याबरोबर कार्बॉक्सिल गटही बहुतांशी गेले! ते गट नलिकेवर नव्हतेच, तर आम्लाने जाळलेल्या कार्बनचे जे बारीक अवशेष नलिकांना चिकटून बसले होते त्यांच्यावर होते. आता विचार करा. अवरक्त वर्णपटात १,७२० च्या आसपास शिखर दिसले, ‘नलिकेवर कार्बॉक्सिल गट बसले’ असे अहवालात लिहिले गेले. शिखर खरे, पण वाक्य पुराव्याच्या पुढे गेले. भांडे घासले की निघून जाणारे साय-खरकटे हा भांड्याचा भाग नव्हे. अल्कलीने धुऊन पुन्हा वर्णपट घेतला आहे का, हा एकच प्रश्न विचारला तर पुष्कळ ‘सुधारणां’ची परीक्षा होऊन जाईल.

रामन वर्णपटाचेही तसेच. त्यात ग्रॅफाइटी जाळीचा ‘जी’ पट्टा १,५८० च्या आसपास येतो आणि जाळीतल्या दोषांचा ‘डी’ पट्टा १,३५० च्या आसपास. सुधारणेनंतर डी वाढला की ‘सुधारणा यशस्वी’ असे वाचण्याचा प्रघात आहे. वाढलेला डी पट्टा फक्त जाळी जास्त मोडली असे सांगतो. ती गट बसल्यामुळे मोडली की नुसतीच फाटली, हे त्या पट्ट्याला विचारता येत नाही. दोन्ही अर्थ शक्य असताना सोयीचा अर्थ घेणे ही परीक्षेत गुण मिळवून देणारी सवय असेल, पण ती मोजमापाची रीत नव्हे.

मग यंत्रांची जंत्री येते. क्ष-किरण विवर्तन, उष्माभार विश्लेषण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, ताण-चाचणी. जितकी यंत्रे अधिक तितका अहवाल वजनदार, असा एक समज दिसतो. सूक्ष्मदर्शकाचे एकच छायाचित्र छापलेले असते आणि खाली ‘नलिका एकसारख्या विखुरल्या आहेत’ अशी ओळ. ते छायाचित्र नमुन्याच्या काही मायक्रोमीटर तुकड्याचे. शेजारच्या तुकड्यात गोळा असेलही. किती ठिकाणी पाहिले, त्यांतले कोणते निवडले? ताण-चाचणीत ‘२० टक्के वाढ’ असते, पण किती पट्ट्या तोडल्या आणि त्यांच्यात आपापसात किती फरक पडला हे नसते. पाच पट्ट्यांत १५ टक्क्यांचा फरक असेल, तर २० टक्क्यांच्या वाढीबद्दल जरा हळू बोलावे. सगळ्यात मोठी उणीव कोऱ्या नमुन्याची. नलिका घातलेले प्लास्टिक विद्रावकात ढवळले, श्राव्यातीत ध्वनीने हादरवले, वाळवले, दाबले. आणि तुलना केली ती पिशवीतून थेट काढलेल्या दाण्याशी! त्याच विद्रावकात, तितकाच वेळ, तसाच हादरवलेला पण नलिकांविना असलेला नमुना हवा. डब्लिनच्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने दाखवून दिले आहे की पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या बहुवारिकात नलिकेभोवती स्फटिकमय बहुवारिकाचा थर जमतो आणि बळकटीत त्या थराचाही वाटा असतो. म्हणजे वाढ झाली तरी ती सगळी नलिकेच्या नावावर जमा करता येत नाही.

हे सारे वाचून असल्या कामात काही अर्थच नाही असा ग्रह होऊ नये. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अरूप भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास नायलॉन-६ वर केलेले काम मला या बाबतीत नमुनेदार वाटते. त्यांनी नलिका आम्लात न उकळता तिच्या अंगावर ६-अमिनोहेक्झॅनोइक आम्लाच्या सोडियम क्षाराचा नुसता लेप चढवला. नायलॉन-६ ची साखळी ज्या घटकाची बनलेली असते, त्याच्याच कुळातला हा क्षार. भिंत मोडली नाही, आणि नायलॉनला ओळखीचे कोणीतरी नलिकेच्या दारात उभे राहिले. शिवाय नलिका विखुरल्या की नाही हे एका छायाचित्रावर न सोडता त्यांनी संमिश्राची विद्युतवाहकता मोजली. नलिका गोळ्यांत अडकल्या तर वीज वाहत नाही, पसरून एकमेकींना टेकल्या तर वाहते. साऱ्या नमुन्याची साक्ष एकदम मिळते. वसईपासून लोकलने आणि रिक्षाने गाठता येईल अशा ठिकाणी झालेले हे काम आपल्या मराठी लेखांत शोधून सापडत नाही. त्याच संस्थेतील महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापरापासून नलिका बनवल्या होत्या. तेव्हा मात्र देवघरातल्या कापराचे कौतुक करण्यात लेखणी रमली. C-१०, H-१६, O-१ हे सूत्र, त्याचे बाष्प तापवल्यावर लोहाच्या कणावर कार्बन कसा जमतो, हे मागेच राहिले.

वाहकतेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. प्लास्टिकमध्ये नलिकांनी खरे नाव कमावले ते याच गुणावर. सुया टेकत टेकत साखळी पूर्ण झाली की विजेला वाट मिळते; लांब आणि बारीक सुयांना ही साखळी फार थोड्या संख्येत साधते. इपॉक्सीत वजनाने ०.००२५ टक्के इतक्या अल्प प्रमाणातही वाट उघडल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. साध्या काजळीला त्यासाठी काही टक्के लागतात. अमेरिकेतील हायपेरियन कंपनीने असल्या तंतूंचे पेटंट १९८७ मध्येच मिळवले होते आणि मोटारींच्या इंधननळ्यांत स्थिर विद्युत साठू नये म्हणून ते प्लास्टिकमध्ये वापरले गेले. १९८७ हे वर्ष नीट पाहा. ‘नॅनोनलिकेचा शोध १९९१ साली सुमिओ इजिमा यांनी लावला’ असे आपण सर्रास लिहितो. इजिमा यांचे काम थोर आहे, त्यांनी भिंतींची रचना उलगडून दाखवली. पण रशियात राडुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्ये पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रे छापली होती, आणि ओबेर्लिन, एंडो व कोयामा यांनी १९७६ मध्ये. उलट बळकटीच्या आशेवर उभारलेल्या उद्योगाचे काय झाले? बायर कंपनीने २०१० साली लेव्हरकुसेन येथे वर्षाला २०० टन क्षमतेचा कारखाना सुरू केला आणि २०१३ साली या कामातून अंग काढून घेतले. नलिकांना पुढे मोठे गिऱ्हाईक मिळाले ते लिथियम-आयन बॅटरीच्या विद्युतअग्रांत, म्हणजे पुन्हा वाहकतेसाठीच.

दमास्कसच्या तलवारीचा एक फाटा इथे टाळता येत नाही. ड्रेस्डेनच्या पेटर पाउफ्लर व सहकाऱ्यांना २००६ साली सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीच्या पोलादात नॅनोनलिका सापडल्या. अशा तलवारींचे पोलाद भारतातून जाई. लगेच ‘आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ असे लेख निघाले. लोहाराचे कसब अस्सल होते यात शंका नाही. पण कार्बन, लोखंड आणि उष्णता एकत्र आली की नलिका आपोआपही बनतात. चुलीच्या काजळीत फुलरीन मिळाले म्हणून स्वयंपाकघराला कोणी नॅनोप्रयोगशाळा म्हणत नाही. कीळडीच्या खापरांवरील काळ्या लेपात नलिका आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हाही हाच प्रकार झाला.

आता ज्या गोष्टीमुळे या विषयावर लिहायला बसलो ती. भुकटीच्या धोक्याबद्दल आपले लेख गप्प असतात. २००८ साली एडिनबरोच्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने उंदरांच्या उदरपोकळीत वेगवेगळ्या लांबीच्या नलिका सोडून पाहिल्या. लांब आणि ताठ नलिकांनी लांब अ‍ॅस्बेस्टॉस तंतूंसारखाच दाह निर्माण केला. आखूड, गुंता झालेल्यांनी केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली एका विशिष्ट ताठ प्रकाराला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले. बाकीच्या प्रकारांबद्दल पुरावा अपुरा म्हटले. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने २०१३ साली कामाच्या पाळीभर हवेत घनमीटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. एक मायक्रोग्रॅम! काजळीचा काळा मास्टरबॅच हाताळणाऱ्या गाळ्यात किती भुकटी उडते, ती भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर किती बसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा आकडा काय मागतो ते कळेल. नलिका प्लास्टिकच्या दाण्यात आधीच मुरवून आलेली असेल तर धोका पुष्कळ कमी. भुकटी तोलताना, ओतताना, संमिश्र कापताना-घासताना आणि वाया गेलेला माल ग्राइंडरमध्ये दळताना तो जास्त. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उघड्या तराजूवर नलिका तोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही हेच लागू. ‘निर्मिती’ या प्रकरणात मुखपट्टी, बंद कपाट आणि कचऱ्याची विल्हेवाट यांवर चार ओळी असाव्यात, अशी मागणी करायला परीक्षकाला कसलाही खर्च येत नाही.

वर्गात या सगळ्याची चव द्यायची तर नलिका लागत नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस, ज्यूटची सुतळी, थोडे मेण आणि ताणकाटा पुरे. कागदी पेल्यांत प्लॅस्टर ओतून त्यांत सुतळीचे तुकडे उभे रोवा : काही एक सेंटीमीटर खोल, काही तीन, काही सहा. तसेच दुसऱ्या पेल्यांत मेणात बुडवून काढलेली तीच सुतळी. दुसऱ्या दिवशी ताणकाटा अडकवून ओढा आणि सुतळी निसटली की तुटली हे प्रत्येक वेळी मांडा. साधी सुतळी काही खोलीपर्यंत निसटते आणि त्याहून खोल असली की तुटते. मेणाची सुतळी बरीच खोल असूनही निसटून येते. एक तुकडा सौम्य आम्लात रात्रभर ठेवून, धुऊन, वाळवून रोवा आणि त्याची पकड व ताकद दोन्ही मोजा. प्रत्येक प्रकाराचे किमान पाच पेले असू द्या, आणि सगळे एकाच पिशवीतल्या, एकाच वेळी कालवलेल्या प्लॅस्टरचे.